ज्ञानदानाचे ऋण आणि माजी विद्यार्थी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात चितेगाव येथे दिलेले व्याख्यान)



पन्नास वर्षे एखादी संस्था अखंड चालते, तेव्हा तिच्यामागे व्यासपीठावर दिसणाऱ्या चार माणसांपेक्षा न दिसणाऱ्या चारशे माणसांचे हात असतात. सुवर्णमहोत्सव हा त्या हातांना वंदन करण्याचा प्रसंग आहे. विश्वस्तांनी मला बोलावयास दिलेला विषय मात्र पुढील वाटचालीचा आहे. सार्वजनिक विद्यापीठातून शिकून जे आज उद्योगात, व्यापारात, वैद्यकीत, वकिलीत स्थिरावले, त्यांनी त्या विद्यापीठाच्या समाजाभिमुख शैक्षणिक कार्यासाठी निधी उभारावा काय आणि उभारावा तर कसा, हा तो विषय होय. आपण मंदिरासाठी, गोशाळेसाठी, तीर्थक्षेत्रासाठी सढळ हाताने देणारे लोक आहोत. म्हणून हा प्रश्न आपल्यापुढे मांडताना मला संकोच वाटत नाही.

ऋण कोणते?

मराठवाडा हैदराबाद संस्थानातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. त्या वेळी या भागातील महाविद्यालयीन शिक्षणाची सूत्रे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले आणि पुढे ते मिलिंद या नावाने प्रसिद्ध झाले. खेड्यापाड्यांतील मुलांना उच्च शिक्षणाचे दार प्रथम त्यामुळे उघडे झाले. त्यानंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत.

या सभागृहातील अनेकांच्या घरात याच विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र चौकटीत लावलेले असेल. त्या पदवीसाठी आपण जे शुल्क भरले, ते शिक्षणाच्या खऱ्या खर्चाचा एक लहानसा अंश होते. उरलेला खर्च सरकारी तिजोरीतून झाला, आणि ती तिजोरी काडेपेटी व साबण विकत घेणाऱ्या शेतमजुराच्या पैशानेही भरली होती. ज्याचा मुलगा कधी महाविद्यालयाची पायरी चढला नाही, त्यानेही आपल्या पदवीचा काही भाग फेडला आहे. माजी विद्यार्थ्याने दिलेल्या रकमेला म्हणूनच मी दान म्हणण्यापूर्वी ऋणफेड म्हणेन.

आपल्याच परंपरेतील दोन दाखले

मुंबईचे शेठ प्रेमचंद रायचंद हे जैन व्यापारी. त्यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी मनोऱ्यासाठी आणखी २ लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव दिले गेले. त्या माउलीची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याच्या व्रताला घड्याळाच्या टोल्यांचा आधार व्हावा, अशी पुत्राची भावना होती, अशी आख्यायिका सांगतात. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी १८६६ साली २ लाख रुपये दिले. त्यातून निघालेली शिष्यवृत्ती १८८६ साली आशुतोष मुखर्जी यांना मिळाली, आणि तेच पुढे त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की १८६५ साली शेअरबाजार कोसळला आणि शेठजींचे वैभव ओसरले. त्यांनी ठेवलेले गेले, दिलेले मात्र राहिले. राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला तो आजही उभा आहे.

दुसरा दाखला कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्याजवळ प्रेमचंद शेठजींसारखी लक्ष्मी नव्हती. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली, एका पंक्तीस बसविले. घरोघरचे मूठभर धान्य हे त्यांचे भांडवल होते. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. ‘कमवा व शिका’ हे कर्मवीरांचे सूत्र पुढे महाराष्ट्रातील विद्यापीठांनी स्वीकारले.

एकाने लाखांनी दिले, दुसऱ्याने मुठीने गोळा केले. सार्वजनिक विद्यापीठाला आज अधिक गरज दुसऱ्या मार्गाची आहे, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे मी पुढे मांडतो.

माजी विद्यार्थ्यांचे दान: आजची उदाहरणे

मुंबईच्या आयआयटीत १९७३ साली प्रवेश घेतलेले नंदन निलेकणी यांनी पन्नास वर्षांनी, २०२३ साली, त्या संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, ज्याला आपण यूडीसीटी म्हणून ओळखत होतो, तो १९३३ साली सुरू झाला आणि २००८ साली अभिमत विद्यापीठ झाला. तेथील माजी विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी २०२५ साली आपले गुरू प्रा. एम. एम. शर्मा यांच्याप्रति गुरुदक्षिणा म्हणून या संस्थेला १५१ कोटी रुपये विनाअट देण्याचे जाहीर केले. याच संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून आपल्या शेजारी जालन्यास आहे.

ही उदाहरणे अभिमानाची आहेत. परंतु ती ऐकून ‘आपण कोठे एवढे मोठे’ असे म्हणून हात आखडता घेणे बरोबर नाही. तंत्रशिक्षणाच्या नामांकित संस्थांना उद्योगपती माजी विद्यार्थी लाभतात. आपल्या विद्यापीठाचे बहुसंख्य पदवीधर शिक्षक, कारकून, वकील, दुकानदार आणि शेतकरी आहेत. त्यांची संख्या मोठी आहे, आणि संख्या हेच त्यांचे धन आहे.

दानाच्या चार कसोट्या

तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी दानाची श्रेष्ठता विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवरून ठरविली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या निधीलाही याच कसोट्या लावून पाहू.

प्रथम पात्र. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीने विस्तारकार्य हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग मानले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्येही आजीवन अध्ययन व विस्तार यासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना, कमवा व शिका, प्रौढांसाठीचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम, आपल्या पैठण येथे २०२१ साली सुरू झालेले संतपीठ, ही सर्व विद्यापीठाने आपल्या कुंपणाबाहेर टाकलेली पावले आहेत. वेतनाची जबाबदारी शासनाची आहे, ती शासनानेच पार पाडली पाहिजे. रिक्त पदे भरा, ही मागणी आपण नागरिक म्हणून करीतच राहू. आपला निधी हा शासनाच्या कर्तव्याला पर्याय होऊ नये. पण जेथे शासनाचा नियम संपतो, तेथे समाजाचे काम सुरू होते. दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफ होते, खानावळीचे बिल माफ होत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी एम. ए. अर्धवट सोडून परत येते ती बहुधा पुस्तकांपायी नव्हे, जेवणापायी आणि प्रवासखर्चापायी. आहारदान आणि शास्त्रदान ही दोन्ही येथे एकाच ताटात वाढली जातात. याहून सत्पात्र कोणते?

दुसरे द्रव्य. ते न्यायाने मिळविलेले असावे, हे आपले आचार्य सांगत आले आहेत. शिवाय द्रव्य म्हणजे केवळ नाणे नव्हे. आपल्यातील सनदी लेखापालाने खेड्यातील महाविद्यालयात महिन्यातून एक दिवस हिशेबशास्त्र शिकविणे, डॉक्टरांनी सेवा योजनेच्या शिबिरात दोन दिवस देणे, कारखानदाराने विद्यार्थ्याला कार्यानुभवासाठी घेणे, हेही द्रव्यच आहे.

तिसरा दाता. ‘माझ्या समाजाच्या मुलांसाठीच खर्च करा’ अशी अट घालून सार्वजनिक विद्यापीठाला देणे शोभणार नाही. कर्मवीरांनी वसतिगृहाच्या पंक्तीत जात विचारली नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांतील मुले आता पुण्या-मुंबईस, परदेशी किंवा खासगी विद्यापीठांत शिकतात. मग येथील विद्यापीठाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध हाच, की आपल्या दुकानात, शेतात आणि कारखान्यात काम करणाऱ्यांची मुले तेथेच शिकतात. आपली मुले ज्या दारातून पुढे गेली, ते दार आपल्यामागून येणाऱ्यांसाठी उघडे ठेवणे हे आपले काम आहे.

चौथा विधी, म्हणजे देण्याची रीत. येथे मी जरा अधिक वेळ घेतो, कारण अनेक चांगले निधी याच ठिकाणी अडखळतात. आपल्या संघांच्या वह्यांतील साधारण खाते आपणां सर्वांना ठाऊक आहे. सात क्षेत्रांपैकी जेथे तूट पडेल तेथे ते वापरता येते. आणि बोलीला मूर्तीसाठी, कलशासाठी चढाओढ लागते तेव्हा हेच खाते बहुधा रिकामे असते. विद्यापीठांचेही तसेच आहे. इमारतीवर, सभागृहावर, प्रवेशद्वारावर नाव लावण्यास दाते पुढे येतात. ग्रंथपेटी खेड्यात नेणाऱ्या गाडीच्या इंधनाला कोणी देत नाही. माजी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे साधारण खाते भरावे, ही माझी मुख्य विनंती आहे.

त्यासाठी चार पथ्ये सुचवितो. देणगी एकदाच मोठी देण्यापेक्षा लहान पण नियमित असावी. तिचा एक भाग कायम ठेव म्हणून ठेवून त्याच्या व्याजातून कार्य चालावे. हिशेब दरवर्षी तपासून छापावा आणि प्रत्येक देणगीदाराच्या हाती पडावा. लाभार्थीची निवड विद्यापीठाने गरज पाहून करावी, देणगीदाराने शिफारशीची चिठ्ठी देऊ नये. आपण आपल्या मंदिराच्या वहीत पैशाची चूक खपवून घेत नाही, तेवढीच कसोशी येथेही हवी. दाता हिशेब मागतो तेव्हा तो अविश्वास दाखवीत नाही. तो संस्थेला बळ देतो.

चितेगावातून आरंभ

मित्रहो, आपले चितेगाव पैठण रस्त्यावरचे उद्योगाचे गाव. व्हिडिओकॉनच्या कारखान्याने या गावाचे नाव देशभर नेले, आणि २०१८ साली त्याच कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झालेलीही आपण पाहिली. शेजारी बिडकीनला नवी औद्योगिक वसाहत आकार घेत आहे. उद्योग येतात, बहरतात, कधी थांबतात. कारखान्याचे दार बंद होते त्या दिवशी कामगाराच्या घरात खरी शिल्लक उरते ती मुलांच्या शिक्षणाची. प्रेमचंद शेठजींच्या चरित्राचा अर्थ आपल्या गावाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने आपल्या सदस्यांतील विद्यापीठाच्या पदवीधरांची एक यादी करावी. त्यांनी विद्यापीठाकडे माजी विद्यार्थी म्हणून व नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव नोंदवावे. नोंदणीकृत पदवीधरांना अधिसभेवर प्रतिनिधी निवडून पाठविता येतात, याचाही विसर पडू नये. आणि प्रत्येकाने दरमहा जमेल ती रक्कम द्यावी. शंभर पदवीधरांनी दरमहा ५०० रुपये दिले, तर वर्षाला ६ लाख रुपये होतात. एका विद्यार्थ्याच्या खानावळीस वर्षाकाठी ३०,००० रुपये धरले, तर तेवढ्यात वीस मुले-मुली वर्षभर पोटभर जेवून शिकू शकतील. ही रक्कम आपल्यापैकी कोणाच्याही संसाराला जड नाही. त्या वीस घरांत मात्र पदवी घेतलेली पहिली पिढी उभी राहील.

अपरिग्रह म्हणजे केवळ कमी ठेवणे नव्हे. जे आपले म्हणून राहिले त्यात इतरांचा किती वाटा आहे, हे ओळखणेही त्यात येते. आपल्या पदवीत अनेकांचा वाटा आहे. तो परत करण्याची बुद्धी आपणां सर्वांना होवो, आणि ट्रस्टच्या शताब्दीच्या वेळी याच व्यासपीठावरून त्या निधीवर शिकलेला कोणी विद्यार्थी बोलो, अशी मंगल भावना व्यक्त करून मी थांबतो.

जय जिनेंद्र!