कच्च्या वह्या रद्दीत जाता कामा नयेत



  वास्तुविशारदांच्या या अधिवेशनात अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. पण विकास नियमावली, ऑनलाइन परवानग्या आणि फीचा जुना प्रश्न यांवर कालच्या परिसंवादांत भरपूर बोलणे झाले. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बरीच वर्षे मनात साठली आहे.

आपण वास्तुविशारद आपल्या कच्च्या वह्या फेकून देतो. कार्यालय बंद झाले, मुलगा दुसऱ्या व्यवसायात गेला, जागा विकायची ठरली, की रद्दीवाला येतो. मंजूर नकाशे फायलीत राहतात, कारण त्यांच्यावर महापालिकेचा शिक्का असतो. बटर पेपरच्या गुंडाळ्या, साइटवरच्या वह्या, विद्यार्थिदशेतली मोजमापांची पाने किलोवर जातात. माझ्या उमेदवारीच्या काळात जुन्या मंडळींकडे ट्रेसिंग क्लॉथ असे. तो कोमट पाण्यात भिजवून चोळला की खळ निघून जाते आणि खाली तलम सुती कापड उरते. त्याचे रुमाल शिवलेले मी पाहिले आहेत. एका कोपऱ्यात शाईची फिकट रेघ राहिली होती, जिन्याच्या पायऱ्यांची.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांच्या वह्या मी एका संस्थेला देऊ केल्या. तिथल्या जबाबदार व्यक्तीने पाने चाळली आणि म्हटले, ‘अंतिम नकाशे असतील तर द्या, हे कच्चे काम ठेवून काय करायचे?’ त्या प्रश्नाचे उत्तर मला आज सर्वांसमोर द्यायचे आहे.

वास्तुविशारद लुई कान 1974 मध्ये वारले तेव्हा त्यांच्या डोक्यावर मोठे कर्ज होते. रेखाटने विकून देणी भागवता आली असती, संग्रह पांगला असता. पेनसिल्व्हेनिया राज्याने सरकारी पैशाने तो विकत घेतला आणि विद्यापीठाच्या हवाली केला. अहमदाबादच्या आय.आय.एम.ची वीटकमान ज्यांनी उभी केली त्यांचा हात कसा विचार करत होता, हे आज तिथे बसून पाहता येते. ल कॉर्ब्युझिए यांच्या खिशातल्या वह्या, 1914 ते 1964 या काळातल्या 73, चार खंडांत छापल्या गेल्या. त्यांत चंडीगड आहे, अहमदाबाद आहे. आणि आपले चार्ल्स कोरिया? पणजीची कला अकादमी आणि मुंबईचे कांचनजुंगा ज्यांनी दिले, त्यांनी सहा हजारांवर रेखाटनांचा आपला संग्रह 2013 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला दिला. तेव्हा अनेकांनी नाराजी व्यक्त केली. मला ती नाराजी पटली नाही. कागद जिथे जपले जातील तिथे त्यांनी दिले. नाराज व्हायचे असेल तर आपण आपल्यावर व्हावे.

वास्तविक आपली परंपरा याबाबतीत गरीब नव्हती. क्लॉड बॅटली यांनी जे.जे.च्या विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंच्या दारात उभे केले, टेप धरायला लावला, आणि त्या मोजणीतून पुस्तक तयार झाले. आचऱ्याचे अच्युत कानविंदे चित्रकाराच्या घरातून जे.जे.त आले आणि पुढे हार्वर्डला जाऊन कानपूरच्या आय.आय.टी.पर्यंत पोहोचले. विद्यार्थ्याची वही आणि पुढची इमारत यांत किती सलगता असते, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते.

आज सकाळी हाताने रेखाटन की संगणक यावर तावातावाने चर्चा झाली. तरुण मित्र म्हणाले, सगळे फाइलमध्ये असते. मी साधनांच्या विरोधात नाही, माझ्या कार्यालयातले सगळे नकाशे संगणकावर होतात. पण या वादाचा निकाल माझ्यापुरता देवगडजवळच्या एका शाळेने लावला आहे.

जांभ्याची, कौलारू छपराची ती शाळा मी तरुणपणी बांधली. जागा पाहायला गेलो तेव्हा शेजारच्या आजी बांबूच्या काठीने मला दाखवत होत्या, पाऊस कुठून मारतो ते. मी वहीत बाण काढला, शेजारी त्यांच्या पडवीचा सेक्शन काढला, पावसाळ्यात तिथे बांधायच्या झापांच्या झडीसकट, आणि खाली लिहिले, ‘इकडे वर्ग नको, पडवी हवी.’ मंजूर नकाशात फक्त पडवी आली. बाण आला नाही, आजी आल्या नाहीत. तीस-एक वर्षांनी वर्गखोल्या कमी पडल्या. नव्या वास्तुविशारदाकडे जुने नकाशे संगणकावर जसेच्या तसे उतरवलेले होते, एक रेघ चुकलेली नव्हती. त्याने पडवी भिंतीत घेऊन वर्ग केला. पहिल्याच पावसाळ्यात पावसाची झड खिडकीतून आत आली आणि मुले बाकांसकट भिंतीकडे सरकली. त्या वास्तुविशारदाचा दोष नाही. पडवी आहे एवढेच नकाशाने त्याला सांगितले. का आहे, ते माझ्या वहीत होते आणि वही माझ्या माळ्यावर होती.

फाइल ‘सेव्ह’ केली की मागचा विचार पुसला जातो. ट्रेसिंगवर ब्लेडने खरवडलेली रेघ मात्र उजेडात धरली की दिसते. तिथे आधी दार होते, मग ते सरकले, हे कळते. दार का सरकले हे ज्याला विचारावेसे वाटत नाही, त्याला मी शिकवू शकत नाही.

माझ्या कार्यकाळात अशा वह्यांचा एक संग्रह सुरू व्हावा, अशी माझी इच्छा आहे. जागेसाठी एका महाविद्यालयाशी बोलणी करू. दमट हवेत कागद कसा टिकवायचा याचा सल्ला जाणकारांकडून घेऊ. पैशाचे पुढे पाहता येईल. तपशील कार्यकारिणीने ठरवावेत.

तोवर आपल्या हातात असलेले आपण करू. माळ्यावरची पेटी या आठवड्यात खाली काढा. प्रत्येक वहीवर साल, गाव आणि कामाचे नाव लिहा. गुंडाळ्यांची रबरे सोडा, ती कागदाला चिकटून डाग पाडतात. घरच्यांना सांगून ठेवा की रद्दीवाल्याला हे द्यायचे नाही. आणि ज्यांना वह्या ठेवायला जागा नाही, त्यांनी मला कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.