डोळ्यांचा कोरडेपणा : कारणे व उपाय
(संस्थेच्या आरोग्य व्याख्यानात केलेल्या भाषणाचा सारांश)



डोळ्यांचे आजार म्हटले की आपल्यापुढे मोतीबिंदू आणि चष्मा हे दोनच शब्द येतात. आज ज्या विकाराविषयी बोलायचे आहे तो दिसायला किरकोळ आहे. डोळे चुरचुरतात, वाळूचा कण गेल्यासारखे खुपतात, संध्याकाळी लाल होतात, वाचताना अक्षरे पुसट होतात आणि दोनदा पापणी मिटली की पुन्हा स्वच्छ दिसतात. पनवेलसारख्या दमट हवेच्या गावात डोळे कोरडे कसे होतील, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे, म्हणून प्रथम अश्रू म्हणजे काय ते समजून घेऊ.

अश्रू फक्त रडतानाच येतात असे नाही. बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्यात तीन घटक असतात. सर्वांत आत चिकट स्राव, तो पाण्याला बुबुळावर धरून ठेवतो. त्यावर पाणी, ते भुवईखालच्या बाहेरील कोपऱ्यातील अश्रुग्रंथीतून येते. सर्वांत वर तेलाचा पापुद्रा, तो पाण्याची वाफ होऊ देत नाही. हे तेल पापणीच्या कडेतील बारीक ग्रंथींतून येते. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. प्रत्येक वेळी पापणी लवली की हे तेल थोडे थोडे बाहेर येते आणि तिन्ही घटक डोळ्यावर सारखे पसरतात.

यावरून कोरडेपणाचे दोन मुख्य प्रकार लक्षात येतील. एकात पाणीच कमी तयार होते. दुसऱ्यात पाणी पुरेसे असते, परंतु तेल कमी पडल्याने ते लवकर उडून जाते. दुसरा प्रकार अधिक आढळतो, अनेकांत दोन्ही एकत्र असतात. म्हणूनच हवा दमट असूनही डोळा कोरडा पडू शकतो.

आता एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट सांगतो. कोरड्या डोळ्यांतून पुष्कळदा पाणी गळते. बुबुळ कोरडे पडले की ते टोचते, आणि टोचल्याबरोबर अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. या पाण्यात तेल आणि चिकटपणा यांचे प्रमाण योग्य नसते, त्यामुळे ते गालावर ओघळते व डोळा पुन्हा कोरडाच राहतो. "माझ्या डोळ्यांतून तर पाणी येते, मग कोरडेपणा कसला?" असे म्हणून अनेक जण तपासणी टाळतात. डोळ्यांतून पाणी येण्याला अश्रुमार्ग बंद होणे यासारखी इतरही कारणे असतात, म्हणून निदान घरी करू नये.

कारणांचा विचार करताना आपल्या दिनक्रमाकडेच पाहावे लागते. माणसाची पापणी साधारणपणे मिनिटाला पंधरा वेळा लवते. संगणक किंवा मोबाईलकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते, आणि पापणी पुरती मिटतही नाही. आपल्यातील किती तरी तरुण सकाळी हार्बर मार्गाच्या गाडीत मोबाईल पाहत नवी मुंबईला किंवा मुंबईला जातात, दिवसभर वातानुकूलित कचेरीत संगणकापुढे बसतात आणि परतताना पुन्हा मोबाईल काढतात. सायन-पनवेल महामार्गावर दुचाकी चालविणाऱ्यांच्या डोळ्यांवर वारा आणि धूळ यांचा मारा होतो. चुलीचा व विडी-सिगारेटचा धूर, रात्रभर तोंडावर येणारा पंखा यांचीही त्यात भर पडते.

याशिवाय वाढते वय, स्त्रियांमध्ये पाळी बंद होण्याचा काळ, मधुमेह, थायरॉईडचे विकार आणि आमवात ही कारणे आहेत. सर्दी व ॲलर्जीच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरील काही औषधे, मुरुमांवर देण्यात येणारे आयसोट्रेटिनॉइन, यांनीही अश्रूंवर परिणाम होतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी, मात्र औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल व सांधे दुखत असतील तर ते अवश्य सांगावे. हेन्रिक स्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली अशाच रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. तो संपूर्ण शरीराचा विकार आहे, केवळ डोळ्यांचा नव्हे.

तपासणी अगदी साधी आहे. टिपकागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटे अडकवितात. ती पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाणी निश्चित कमी आहे असे समजतात. तसेच रंगीत थेंब टाकून अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते पाहतात, दहा सेकंदांच्या आत फुटला तर तो अस्थिर आहे. यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. पनवेलमध्येच लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि नवीन पनवेलचे शंकरा नेत्र रुग्णालय आहे.

आता उपाय. त्यांपैकी पुष्कळसे बिनखर्चाचे आहेत.

१) दर वीस मिनिटांनी, वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे आणि दहा-बारा वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात.
२) पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवावा. त्यामुळे डोळा कमी उघडा राहतो.
३) स्वच्छ कापड सोसेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे शेकावे. नंतर पापणीच्या कडा हलक्या हाताने पुसाव्यात. त्यामुळे घट्ट झालेले तेल मोकळे होते. ज्यांना वारंवार रांजणवाडी होते त्यांनी हा उपाय नियमित करावा.
४) पंखा व एअर कंडिशनरचा झोत तोंडावर घेऊ नये. दुचाकीवर काच खाली ओढलेले हेल्मेट वापरावे.
५) कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील तर जंतुरोधक द्रव्य नसलेले थेंब मागावेत, कारण ते द्रव्यही बुबुळाला त्रास देते. उघडलेली बाटली सामान्यतः महिन्यानंतर टाकून द्यावी.

माशांच्या तेलाच्या गोळ्यांची जाहिरात बरीच होते. अमेरिकेत ५३५ रुग्णांवर वर्षभर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या गोळ्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. आपण मासळी खातो ती जरूर खावी, परंतु महागड्या गोळ्यांसाठी कर्ज काढू नये. गुलाबपाणी, मध, लिंबाचा रस, काजळ हे डोळ्यांत घालू नये.

बंधू-भगिनींनो, आजच्या भाषणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. डोळे लाल झाले की आपण औषधाच्या दुकानात जातो आणि "डोळ्याचे काहीतरी द्या" म्हणतो. हाती पडणाऱ्या बाटलीत कित्येकदा स्टिरॉइड असते. लाली दुसऱ्या दिवशी जाते, आपण खूश होतो आणि महिनोन्‌महिने तेच थेंब घालत राहतो. देखरेखीशिवाय असे स्टिरॉइड वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे, काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही, आणि ती जाताना दुखतही नाही. डेक्झामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांतील काही नावे. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून घरी जाऊन डोळ्यांची प्रत्येक बाटली पाहा, विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना तिच्यावरील नाव वाचून दाखवावे. नियमित चालू असलेले थेंब मात्र एकदम न थांबवता बाटली डॉक्टरांना दाखवावी.

लहान मुलांतील कोरडेपणा ही वेगळी बाब आहे. मुलाला तिन्हीसांजेनंतर दिसेनासे झाले, किंवा पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसला, तर ते अ जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण असू शकते. त्यात बुबुळ वितळून कायमचे अंधत्व येते. त्यासाठी भारत सरकारने १९७० साली प्रतिबंधक कार्यक्रम सुरू केला. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत नऊ मात्रा देतात, त्या चुकवू नयेत. शेवग्याचा पाला, माठ, गाजर, पपई, अंडी हे आपल्या आवाक्यातील अन्न आहे.

डोळा अचानक फार दुखू लागला, उजेड सोसेनासा झाला, बुबुळावर पांढरा डाग दिसला किंवा नजर कमी झाली, तर एक दिवसही वाट पाहू नये.

वाचन हे आपल्या मुलांच्या प्रगतीचे साधन आहे. रात्र रात्र जागून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने पुस्तकाइतकीच डोळ्यांची काळजी घ्यावी, एवढीच विनंती करतो.