थंडीतला सराव : हाताला विश्रांती, पायांना काम

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त जवाहर नगर, जयपूर येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेपासून इतक्या दूर, राजस्थानच्या राजधानीत आपण हीरक महोत्सवासाठी एकत्र आलो, याचा आनंद शब्दांत सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी काहींची मुले-मुली इथल्या शाळांतून बेसबॉल व सॉफ्टबॉल खेळतात. शालेय राष्ट्रीय स्पर्धांमध्ये या दोन्ही खेळांना स्थान आहे. त्यांच्या पालकांचा एक प्रश्न दर हिवाळ्यात कानावर येतो : मैदान सुटले की घरी काय करून घ्यावे? आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

जानेवारीत जयपूरला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी सहाच्या आसपास मावळतो. पहाटेचा पारा आठ अंशांच्या आसपास घुटमळतो, कधी त्याहूनही खाली जातो. मूल शाळेतून येऊन जेवेपर्यंत उजेड संपत आलेला असतो. सराव बुडतो म्हणून पालक हळहळतात आणि मग घरामागच्या बोळात, गार पडलेल्या हाताने, मुलाकडून शंभर-शंभर चेंडू टाकून घेतात. हेतू चांगला असतो, परंतु धोका नेमका तिथेच आहे.

बेसबॉलचा चेंडू 142 ते 149 ग्रॅम वजनाचा असतो आणि पिचरला तो 18.44 मीटरवरून फेकावा लागतो. मोठ्यांच्या मैदानाचे हे माप आहे. वाढत्या वयात कोपराच्या आतील बाजूचे हाड पूर्ण जुळलेले नसते. तिथे वाढीची मऊ कूर्चा असते आणि प्रत्येक जोरदार फेकीचा ताण तिच्यावर येतो. म्हणूनच अमेरिकेत, जिथे हा खेळ गल्लोगल्ली खेळला जातो, तिथल्या बेसबॉल संस्थांनी मुलांसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने सामन्याच्या दिवशी 85 पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत. वर्षातून किमान चार महिने फेकीपासून हाताला सुटी द्यावी आणि त्यांपैकी दोन-तीन महिने सलग असावेत. जयपूरची थंडी ही सुटी आपल्याला आयती देते. ती वाया गेली असे समजू नये.

मग सराव कशाचा करावा? पायांचा, हातांचा आणि नजरेचा. त्यासाठी जवाहर नगरातल्या घराची गच्ची किंवा मोटारगाडी बाहेर काढल्यावर रिकामी होणारी जागा पुरेशी आहे. ऊन गच्चीवर येईपर्यंत थांबावे. आधी दहा मिनिटे दोरीवरच्या उड्या किंवा जिन्याच्या चढउताराने अंग तापवावे. नंतर खडूने चार पावलांच्या अंतरावर दोन रेघा काढाव्यात आणि गुडघे वाकवून, पाय एकमेकांत न अडकवता, त्यांच्यामध्ये आडवे सरकावे. खो-खो आणि आट्यापाट्या खेळलेल्या पिढीला यात नवे काही वाटणार नाही.

हातांसाठी टेनिसचा चेंडू घ्यावा. तो साठ ग्रॅमांहूनही हलका असतो, खिडकी सहसा फोडत नाही आणि बोटेही दुखावत नाही. भिंतीपासून तीन मीटरवर उभे राहून तो खालून हलकेच टाकावा आणि परतताना दोन्ही हातांनी झेलावा. जमिनीवरून घरंगळत येणारा चेंडू अडवण्याचा सराव तर घरातील आजीसुद्धा खुर्चीवर बसून देऊ शकते. चेंडूवर शाईने आकडे लिहून ठेवावेत आणि झेलण्यापूर्वी मुलाने आकडा ओळखून सांगावा. विटीदांडूत उडालेल्या विटीवरून नजर हलली की टोला हुकतो, तोच नियम इथेही लागू आहे. बॅटच्या सरावाला जुन्या मोज्यांचा गोळा दोरीने टांगावा आणि मागे चादर बांधावी. वीस-पंचवीस टोले नीट मारले की पुरे; डोके स्थिर राहिले की नाही एवढेच पाहावे.

अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. संक्रांतीच्या दिवसांत मात्र इथल्या गच्च्यांवर पतंगांचे राज्य असते. मान वर करून धावणाऱ्या मुलांच्या गर्दीत, कठड्याजवळ, मांज्याच्या वाटेत सराव नको. त्या दिवशी मुलाला पतंगच उडवू द्यावा.

इतर खेळ खेळल्याने बेसबॉल मागे पडेल, ही भीतीही निराधार आहे. रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन तरुण भालाफेकपटू होते. 2008 साली एका फेकीच्या स्पर्धेतून ते पुढे आले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांच्याशी करार केला. तोवर बेसबॉलशी त्यांचा परिचय जेमतेम काही महिन्यांचा होता. भाल्याने घडवलेले खांदे, कंबर आणि पाय त्यांच्या कामी आले. पुढे रिंकूला दुखापतींमुळे दीर्घकाळ मैदानाबाहेर राहावे लागले, हेही आपण लक्षात ठेवावे. पूर्ण वाढलेल्या, कसलेल्या हाताचीही हीच गत होत असेल, तर बारा वर्षांच्या हाताविषयी आपण किती जपले पाहिजे!

पालकहो, मुलाने कोपर किंवा खांदा दुखतो म्हटले, तर ते कारण काढते आहे असे मानू नका. फेक त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुखणे सांगितले तर संघातून वगळतील, या धास्तीने मुले गप्प राहतात. घरी तरी ती धास्ती नसावी. घरच्या सरावात आपण प्रशिक्षक होण्याची गरज नाही. चेंडू घरंगळत सोडणारे आणि वेळेवर ‘आता पुरे’ म्हणणारे माणूस एवढीच आपली भूमिका. फाल्गुनात मैदान पुन्हा भरेल, तेव्हा ताजा हात आणि चपळ पाय घेऊन आपली मुले-मुली तिथे उतरावीत, ही सदिच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.