टॅलाहासीचा अजिंक्य संघ

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानांवरचा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लंबगोल असतो, तो पायापेक्षा हातांनीच अधिक खेळला जातो, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही तर तो प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा लागतो. एवढी ओळख आज पुरे. मला सांगावयाचे आहे ते या खेळाच्या नियमांविषयी थोडे आणि मैदानाबाहेरच्या नियमांविषयी अधिक.

फ्लॉरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी. तेथे १८८७ साली कृष्णवर्णीयांसाठी एक सरकारी विद्यालय निघाले. विद्यार्थी पंधरा, शिक्षक दोन. त्याचेच पुढे १९५३ मध्ये विद्यापीठ झाले. लोक त्याला ‘फ्लॉरिडा ए. अँड एम.’ म्हणतात. त्याच गावात गोऱ्यांसाठी दुसरे सरकारी विद्यापीठ होते. दोघांचेही फुटबॉल संघ, दोघांचीही क्रीडांगणे. परंतु हे दोन शेजारी एकमेकांशी खेळत नसत. वर्णभेद केवळ शाळेच्या बाकांपुरता नव्हता, तो असा गवतावरही आखलेला होता.

या कृष्णवर्णीय संघाचे मार्गदर्शक होते जेक गेदर. जन्म १९०३ चा, घर धर्मोपदेशकाचे. दक्षिणेतील गोऱ्या विद्यापीठांची दारे बंद असल्यामुळे पदव्युत्तर शिक्षणासाठी त्यांना ओहायोपर्यंत जावे लागले. १९४२ साली त्यांच्या मेंदूवर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यातून उठून १९४५ मध्ये त्यांनी संघाची सूत्रे हाती घेतली ती पुढे पंचवीस हंगाम सोडली नाहीत. त्यांची एक युक्ती विशेष गाजली. आघाडीच्या फळीतील गडी खांद्याला खांदा भिडवून उभे करण्याऐवजी ते त्यांच्यात मोठी अंतरे ठेवीत. मग समोरच्या बचावफळीलाही पांगावे लागे, आणि पडलेल्या फटीतून वेगवान खेळाडू निसटून जात. युक्ती सांगावयास सोपी आहे. ती अंगी बाणवण्यास मात्र वाऱ्यासारखे धावणारे गडी लागतात. तसे गडी त्यांच्यापाशी होते. त्यांतला बॉब हेज पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर अंतर १०.० सेकंदांत धावून सुवर्णपदक घेऊन आला. आपल्या हॉकी संघाने पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक परत मिळविले तेच हे टोकियो.

आता १९६१ च्या हंगामाकडे येऊ. त्या काळी सामना चालू असताना खेळाडू बदलण्यावर निर्बंध होते. गेदर यांनी अकरा-अकरांच्या तीन तुकड्या तयार केल्या आणि त्यांना नावे दिली रक्त, घाम आणि अश्रू. एक तुकडी दमली की दुसरी ताज्या दमाने उतरे. दहा सामने झाले, दहाही जिंकले. संघाचे गुण ५०६, प्रतिपक्षांचे सर्वांचे मिळून ३३. डिसेंबरात मायामीला ‘ऑरेंज ब्लॉसम क्लासिक’ नावाचा मोठा सामना होत असे. तेथे जॅक्सन स्टेटने मात्र घाम फोडला आणि निकाल १४ विरुद्ध ७ असा निसटता लागला. म्हणजे उरलेल्या नऊ सामन्यांत ४९२ विरुद्ध २६! हा सामना केवळ खेळ नव्हता, कृष्णवर्णीय समाजाची ती जत्राच असे. विल्यम फॉस्टर यांनी घडविलेले विद्यापीठाचे वाद्यपथक ऐकण्यासाठीसुद्धा माणसे लोटत.

त्याच वर्षी शेजारच्या अलाबामा राज्यात गोऱ्यांच्या विद्यापीठाचा संघ अकरा सामने खेळून अकराही जिंकला. प्रतिपक्षांना त्याने दिले अवघे २५ गुण. वृत्तसंस्थांनी त्याला राष्ट्राचा विजेता घोषित केले. टॅलाहासीचा संघ विजेता ठरला तो कृष्णवर्णीय महाविद्यालयांपुरता. दोन्ही राज्यांची सीमा एक, दोन्ही संघ अपराजित. मग श्रेष्ठ कोण? याचे उत्तर मैदानावर मिळाले असते, आणि नेमके मैदानच बंद होते. गंमत अशी की अलाबामाचे विख्यात मार्गदर्शक ब्रायंट हे गेदर भरवीत असलेल्या प्रशिक्षण वर्गांत शिकवावयास येत. ज्ञानाची देवाणघेवाण चाले, सामना तेवढा चालत नसे.

या सर्व काळात टॅलाहासी शांत नव्हती. १९५६ मध्ये याच विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनींना बसमधील जागेवरून अटक झाली आणि साऱ्या गावातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. १९६० साली उपाहारगृहात बसल्याबद्दल दंड भरण्याचे नाकारून काही विद्यार्थ्यांनी ४९ दिवस तुरुंगवास पत्करला. गेदर मात्र या लढ्यापासून दूर राहिले. विद्यापीठाचा पैसा गोऱ्यांच्या विधिमंडळाकडून येतो, हे ते विसरू शकत नव्हते. कित्येक तरुणांना त्यांचे हे मौन खुपे, आणि मला तो राग अन्यायाचा वाटत नाही. पण विधिमंडळाची भीतीही खोटी नव्हती. याच विद्यापीठाचे विधी महाविद्यालय पुढे १९६८ मध्ये बंद झाले, आणि गावातील दुसऱ्या विद्यापीठात नवे उभे राहिले.

गेदर यांनी एक हट्ट मात्र सोडला नाही : गोऱ्या विद्यापीठाच्या संघाशी एकदा तरी सामना. तो घडला २९ नोव्हेंबर १९६९ रोजी, टँपा विद्यापीठाशी, टँपाच्याच क्रीडांगणावर. अमेरिकेच्या दक्षिणेत असा सामना पूर्वी झालेला नव्हता. ४५ हजारांहून अधिक काळे-गोरे प्रेक्षक एकाच जागी बसले होते. ए. अँड एम.ने ३४ विरुद्ध २८ असा विजय मिळविला. पण त्या सामन्यात एक गोष्ट लक्षात येण्याजोगी होती. टँपाचा सर्वांत धोकादायक धावपटू, लिऑन मॅक्वे, स्वतः कृष्णवर्णीय होता. दारे उघडू लागली होती, आणि ज्या मुलांना पूर्वी टॅलाहासीखेरीज फारशी जागा नव्हती ती आता दुसरीकडेही जाऊ शकत होती. पुढील दशकात मोठमोठ्या गोऱ्या विद्यापीठांनी असे खेळाडू उचलले आणि कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे संघ दुबळे होत गेले.

त्या हंगामानंतर गेदर यांनी मार्गदर्शकपद सोडले. त्यांच्या नावावर २०३ विजय, ३६ पराभव आणि ४ बरोबरी अशी नोंद आहे. टँपाच्या त्या संध्याकाळी ते ६६ वर्षांचे होते. आणि १९६१ मधील रक्त, घाम नि अश्रू या तुकड्यांतली मुले एव्हाना तिशीच्या घरात पोचली होती.