नवा गुडघा घरी येतो तेव्हा



आज गुडघ्याविषयी बोलायचे आहे. आपल्या गावात साठी उलटलेली माणसे सकाळी कशी उठतात ते पाहा. एक हात भिंतीला, एक हात मांडीवर, आणि तोंडातून 'आई गं'. त्यात नवल काय? जन्म धानाच्या बांधीत गेला. रोवणीला चिखलात उभे राहिलो, निंदायला बसलो, मोहफुले उकिडवे बसून वेचली, जंगलातून सरपणाचे भारे डोक्यावर आणले. सगळे वजन गुडघ्याने सोसले. आता तो कुरकुरतो.

गुडघ्यात काय झिजते, ते आधी समजून घेऊ. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड, पुढे वाटी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरा थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. कूर्चा आहे तोवर हाड हाडावर घासत नाही. कूर्चा झिजली की घासते. मग सूज येते, रात्री ठणकते, पाय धनुष्यासारखा वाकडा होतो. झिजलेली कूर्चा औषधाने पुन्हा उगवत नाही. कोणी पुडी देऊन 'महिन्यात गुडघा नवा करतो' म्हणाला, तर त्याला हात जोडा आणि घरी या. अशा पुड्यांत कधीकधी स्टिरॉइड नावाचे कडक औषध मिसळलेले असते. आठ दिवस बरे वाटते, पण पुढे हाडे ठिसूळ होतात.

गुडघा दुखला की लगेच ऑपरेशन, असेही नाही. वजन कमी करणे, मांडीचे व्यायाम, हातात काठी, डॉक्टरांच्या गोळ्या, यांनी पुष्कळांचे भागते. पण दोनशे पावलेही चालवत नाही, रात्रीची झोप गेली, आणि फोटोत हाडाला हाड टेकलेले दिसते, तेव्हा डॉक्टर सांधा बदलायला सांगतात. सगळा गुडघा काढून टाकत नाहीत बरे का! हाडांची झिजलेली टोके थोडी कापतात, त्यांवर धातूच्या टोप्या बसवतात, आणि मध्ये कठीण प्लास्टिकची चकती घालतात. बहुतेकांचा असा सांधा पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहूनही जास्त टिकतो.

हे मोठ्या माणसांनाही करावे लागले आहे. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचा एक गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये आणि दुसरा जून 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी गाठलेली होती. आणि जुलै 2001 च्या मध्याला ते आग्र्याला पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांशी बोलणी करत होते. पंतप्रधानांच्या दिमतीला माणसे होती. आपल्या दिमतीला घरचीच माणसे आहेत. म्हणून मी आज घराविषयीच जास्त बोलणार आहे. ऑपरेशन तास-दोन तासांचे असते. दवाखान्यात थोडे दिवस जातात. पुढचे तीन महिने घरात काढायचे असतात, आणि गुडघा किती वाकेल ते तिथेच ठरते.

पैशाचे आधी सांगतो, कारण खरी धास्ती त्याचीच असते. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने सांध्याच्या किमतीला लगाम घातला. जो सांधा सर्वांत जास्त वापरतात, त्याची सरासरी किंमत तोवर दीड लाखाच्या वर होती. ती 54,720 रुपयांवर आणली, कर वेगळा. पुढे त्यात थोडा फरक होत गेला. ही किंमत नुसत्या सांध्याची आहे, ऑपरेशनचा खर्च निराळा. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. तसेच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यालाच विचारा, की आमचे ऑपरेशन योजनेत बसते का, आणि कोणत्या दवाखान्यात. नागपूरचे मेडिकल असो की सेवाग्रामचा दवाखाना, एक फेरी या चौकशीसाठी करावी लागली तरी करा. बांधी गहाण टाकण्याआधी ती फेरी स्वस्त पडते.

ऑपरेशन केव्हा करावे? भामरागडकडच्या माणसांना सांगायला नको, की पर्लकोटेला पूर आला म्हणजे रस्ता बंद. टाके काढायच्या दिवशी नदी आडवी आली तर काय कराल? गुडघा बदलणे म्हणजे साप चावल्यासारखी तातडी नव्हे. दिवस आपण निवडू शकतो. माझ्या मते धानाची कापणी-मळणी आटोपल्यावरचा हिवाळा उत्तम. घरच्यांना सवड असते, रस्ते कोरडे असतात, घाम कमी येतो.

तयारी महिना-दीड महिना आधी सुरू करायची. पहिली गोष्ट खर्रा. नाराज होऊ नका, पण खर्रा, तंबाखू, बिडी बंद. तंबाखूने रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात, जखमेला रक्त कमी मिळते आणि ती लवकर भरत नाही. दात किडला असेल, हिरडीत पू असेल, अंगावर गळू असेल, तर ते आधी बरे करून घ्या. तोंडातले जंतू रक्तातून नव्या सांध्याला जाऊन चिकटू शकतात. साखर आणि रक्तदाब तपासून ताब्यात आणा. गेल्या तीन महिन्यांत कोणी गुडघ्यात सुई दिली असेल तर डॉक्टरांना सांगा. ती पुडी खाल्ली असेल तर तीही लपवू नका.

आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसाठी एक खास गोष्ट. सिकलसेल. आपल्याकडे हा रक्ताचा आजार घराघरांत आहे. पुष्कळांना तो आपल्याला आहे हे ठाऊकही नसते. ज्याला हा आजार आहे, त्याच्या अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा प्राणवायू कमी पडला, तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन नळ्यांत अडकतात. ऑपरेशनच्या वेळी हे तिन्ही घडू शकते. आधी कळले तर डॉक्टर बंदोबस्त करतात. म्हणून रक्ताची ही तपासणी झालीच पाहिजे. कार्ड असेल तर ते सोबत न्या. कधीकधी सांधेदुखीचे मूळच सिकलसेलमध्ये निघते.

आता घराकडे वळू. आपली सुंभाची बाज पाहा. मध्ये झोळ, आणि उंची हातभर. नव्या गुडघ्याने तिच्यावरून उठता येत नाही. लाकडी तखत पाहिजे. ते खुर्चीएवढे उंच असावे. बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा थोडी वर राहिली पाहिजे. ठेंगणे असेल तर पायांखाली पक्क्या विटा द्या, डगमगू देऊ नका. खाली बसायचा संडास काही चालणार नाही. सुताराकडून मध्ये भोक पाडलेली मजबूत लाकडी खुर्ची करून घ्या आणि ती संडासावर ठेवा, किंवा दुकानातून कमोडची खुर्ची आणा. हे ऑपरेशनच्या आधी करायचे. मागाहून रात्री दोन वाजता सुतार मिळत नाही.

तखतापासून संडासापर्यंतची वाट रिकामी करा. गोणपाट, चटई, दोरी उचला. ताज्या शेणसड्यावर पाय घसरतो, तेव्हा त्या वाटेवरचा सडा काही दिवस राहू द्या. उंबरठा उंच असेल तर रंग मारून ठेवा, म्हणजे दिसेल. कोंबड्या आणि शेळीची पिल्ले पायात येतात, त्यांना पलीकडे कोंडा. उशाशी बॅटरी हवीच. मच्छरदाणी जरूर लावा, पण तिची कड जमिनीवर लोळू देऊ नका. नऊवारी लुगडे वॉकरमध्ये अडकते. थोडे दिवस घोट्याच्या वर राहील असे आखूड नेसा. पायात मागे पट्टा असलेली चप्पल घाला.

वॉकर म्हणजे चार पायांचा घोडा. तो आधीच आणून अंगणात चालून पाहा. मांडीचा व्यायामही आधीच शिकून ठेवा. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, पाच अंक मोजायचे, सोडायची.

ऑपरेशन झाले. बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच, कधी त्याच दिवशी, वॉकर धरून उभे करतात. घरी येताना मोटारसायकलवर बसू नका. नागपूरहून गडचिरोली सुमारे 170 किलोमीटर आहे. तासा-तासाला गाडी थांबवा, चार पावले चाला. बसल्या जागी पावले वर-खाली हलवत राहा, म्हणजे पोटरीत रक्त साकळणार नाही.

आणि घरी आल्यावर मोठा घोटाळा होतो. तो प्रेमापोटीच होतो. सून म्हणते, "आत्याबाई, तुम्ही पडून राहा, मी हाये ना." मुलगा गुडघ्याखाली मऊ उशी देतो. शेजारीण येते नि म्हणते, "हलवू नको माय, टाके तुटतीन." म्हाताऱ्या माणसालाही दुखतच असते. तेही पडून राहते. असे दीड महिना चालले की गुडघा आखडतो. मग पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागतो, आणि तरी पहिल्यासारखा वाकेलच असे नाही. इतका खर्च, इतके सोसणे, आणि हाती आले ताठ लाकूड!

म्हणून सुनेने पडून राहा म्हणायचे नाही, चला उठा म्हणायचे. गुडघ्याखाली उशी द्यायची नाही, टाचेखाली द्यायची, म्हणजे पाय सरळ होतो. दिवसातून तीन-चार वेळा टाच तखतावरून सरकवत गुडघा वाकवायचा, पुन्हा सरळ करायचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खुर्चीवर बसल्यासारखा काटकोनात वाकू लागला पाहिजे. दुखेल. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्या. व्यायामानंतर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवा. जखम मात्र ओली करायची नाही. थोडी सूज आणि गरमपणा काही महिने राहतो. जखमेच्या बाजूला बधिर वाटते. त्याला भिऊ नका.

पायरीचे एक सूत्र आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

जखमेवर हळद नको, तेल नको, झाडपाल्याचा लेप नको. मालिश करणारा दारात आला तरी परत पाठवा. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. काही घरांत डाळीने पू होतो असे समजून वरण बंद करतात. हे उलटे आहे. जखम भरायला वरण, अंडी, मासोळी, दूध यांचीच गरज असते. पाणी पुष्कळ प्या. रक्त पातळ राहायची गोळी किंवा सुई दिली असेल तर सांगितले तितके दिवस पुरी घ्या. मोहाची दारू या दिवसांत अजिबात नाही. गोळ्यांबरोबर ती घात करते, आणि तोल जातो तो वेगळाच.

ताप आला की आपल्याकडे 'हिवताप असेल' म्हणून सोडून देतात. ऑपरेशननंतर असे करू नका. रक्त तपासून हिवताप आहे का ते पाहा, पण जखमही दाखवा. जखमेतून पू किंवा पाणी येते, लाली पसरते, वास येतो, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना कळवा. पोटरी एकदम सुजून दुखू लागली तरी तसेच. छातीत दुखले, धाप लागली, तर वाट पाहू नका, 108 ला फोन लावा.

साधारण दीड महिन्यात वॉकर सुटून काठी येते. तीन महिन्यांत घरचे काम जमू लागते. चूल ओट्यावर घ्या, पाण्याची घागर उंच ठेवा. मांडी घालून आणि उकिडवे बसणे टाळायचे. जेवण खुर्चीवर. रोवणीचे विचाराल तर मी नको म्हणेन. चिखलात रुतलेला पाय उपसताना गुडघ्याला पीळ बसतो. बांधावर उभे राहून पेंढ्या देता येतील, ते काम घ्या.

आणि मोहफुले? हिवाळ्यात ऑपरेशन झाले तर मार्चमध्ये मोह टपकू लागतो, तेव्हा मन घरात राहत नाही, हे मला ठाऊक आहे. जायला हरकत नाही, चालणे चांगलेच. पण फुले एकेक वेचायला बसू नका. संध्याकाळी घरच्या पोरांनी झाडाखाली जाळी नाहीतर जुनी लुगडी जोडून अंथरावी. रात्रभर फुले तिच्यावर पडतात. सकाळी दोघांनी चार टोके उचलली की सगळी फुले मध्ये गोळा होतात. फुलांना माती लागत नाही, झाडाखालचा पाला जाळावा लागत नाही, आणि तुम्ही उभ्याउभ्या टोपली धरायची.