देवाला बायको नाही, मग मुलगा कसा?

नाताळच्या कार्यक्रमानंतर आपल्या प्रश्नपेटीत नेहमीपेक्षा जास्त चिठ्ठ्या पडल्या. त्या कार्यक्रमात आपल्या गटातल्या ख्रिस्ती मैत्रिणींनी गाणी म्हटली, करंज्या वाटल्या, आणि मग तुम्ही विचारलंत, यांचा देव नेमका कसा असतो? एक की तीन? मूर्ती का नाही? एका आजींनी तर सरळच लिहून घेतलंय, देवाला बायको नाही, मग मुलगा कसा? आणि एक चिठ्ठी बिननावाची आहे. तिच्यात दोनच ओळी आहेत. माझं मूल गेलं, लोक म्हणतात देवानं शिक्षा केली, ख्रिस्ती लोकांचा देवही अशी शिक्षा देतो का?

आजचं बोलणं खरं तर या शेवटच्या चिठ्ठीसाठी आहे. पण तिथवर जायला जरा वाट चालावी लागेल. आम्ही काही धर्मगुरू नाही. आमच्यात दोघी ख्रिस्ती आहेत, बाकीच्या नाहीत. बायबल काढून बसलो, एकमेकींना विचारलं, थोडं भांडलोही. त्यातून जे हाती आलं ते सांगतो.

आधी आजींचा प्रश्न. ख्रिस्ती माणसं येशूला देवाचा पुत्र म्हणतात, ते आपल्या घरातल्या मुलासारखं नाही. तिथं जन्म, लग्न, संसार असं काही नाही. बापाचा स्वभाव लेकात पुरता उतरलेला असतो, एवढाच त्या शब्दाचा रोख. देव दिसत नाही, पण तो कसा आहे हे येशूच्या वागण्यातून कळतं, असं ते मानतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन, पण देव एकच. हे समजायला अवघड आहे आणि त्यांच्यातल्या विद्वानांनाही ते सोपं गेलेलं नाही. इसवी सन 325 मध्ये निकाया नावाच्या गावी बिशपांची मोठी सभा भरली होती ती याच वादासाठी. पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे, घडवलेला नाही, असं तिथं ठरलं.

आमच्यातली एक म्हणाली, सोपं आहे की, मी एकटीच कुणाची आई, कुणाची लेक, कुणाची बहीण आहे ना, तसंच ते. आम्हालाही पटलं. पण दुसरीनं सांगितलं की चर्चमध्ये शिकवणारे हे उदाहरण अपुरं मानतात. कारण त्यात माणूस एकच आणि नाती तीन. त्यांचं म्हणणं असं, की देवाच्या आतच एकमेकांवरचं प्रेम आहे. जग निर्माण करण्याच्या आधीपासून तो एकटा नव्हता. प्रेम करायला त्याला कुणाची वाट पाहावी लागली नाही. आम्ही यावर बराच वेळ बसलो आणि मग चहा ठेवला.

पंडिता रमाबाईंनाही हा प्रश्न छळत होता, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. रमाबाई म्हणजे संस्कृतच्या पंडिता, पुराणं तोंडपाठ. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण म्हणून सांगितलेलं सगळं मान खाली घालून ऐकलं नाही. त्रैक्याबद्दल, येशूच्या देवपणाबद्दल त्या आपल्या तिथल्या गुरुभगिनीशी पत्रांतून खूप वाद घालत होत्या. मग त्यांना या धर्मात ओढून नेलं कशानं? ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. इंग्लंडात असताना तिथल्या धर्मभगिनी समाजानं टाकलेल्या बायकांना जवळ करून सांभाळतात, हे त्यांनी पाहिलं. असं का करता म्हणून विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना विहिरीवरच्या बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट बायबलात योहानाच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात आहे. आम्ही ती आमच्या शब्दांत सांगतो. भर दुपारची वेळ. सुखार नावाच्या गावाबाहेर विहीर आहे. येशू चालून दमलाय, काठावर बसलाय. एक बाई एकटीच पाणी भरायला येते. आता तुम्हीच सांगा, पाण्याला बायका कधी जातात? सकाळी नाहीतर उन्हं उतरल्यावर, आणि घोळक्यानं. भर दुपारी एकटी कोण जाते? जिला बाकीच्यांच्या नजरा नको असतात ती. बायबल असं काही सांगत नाही, पण ऐकल्याबरोबर आम्हा सगळ्यांच्या मनात तेच आलं. तिचे पाच नवरे झालेले होते आणि आता ज्याच्याजवळ राहत होती तो नवरा नव्हता.

येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती दचकते. कारण ती शोमरोनी, तो यहूदी. यहूदी लोक शोमरोन्यांची भांडी वापरत नसत. पाणवठ्यावरची शिवाशिव काय असते हे आपल्या महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. ती म्हणते, तुम्ही माझ्याकडून पाणी कसं घेणार? आणि मग बोलता बोलता ती देवाचाच प्रश्न काढते. आमचे लोक या डोंगरावर भक्ती करतात, तुमचे म्हणतात यरुशलेमातच करायची. खरं ठिकाण कुठलं?

त्यावर येशू तिला जे सांगतो ते ख्रिस्ती धर्मात देवाविषयीचं फार मोठं सांगणं मानलं जातं. देव आत्मा आहे. तो या डोंगराला बांधलेला नाही आणि त्या शहरालाही नाही. त्याला खऱ्या मनानं भजणारी माणसं हवी आहेत. मूर्ती का नाही, असं ज्यांनी विचारलं होतं त्यांना यात थोडं उत्तर सापडेल. अर्थात कॅथलिक चर्चमध्ये येशूचे, मरियामातेचे पुतळे असतात, वसईकडे गेलात तर दिसतील. पण ती पूजा पुतळ्याची नव्हे, असं तेही सांगतात.

आम्हाला मात्र वेगळंच जाणवलं. देव कसा आहे ही गोष्ट येशूनं कुणाला सांगितली? शास्त्र्याला नाही, पुजाऱ्याला नाही. पाच वेळा संसार मोडलेल्या बाईला, विहिरीवर, भर उन्हात. त्याचे शिष्य परत आले तेव्हा तो बाईशी बोलतोय याचंच त्यांना नवल वाटलं. आणि ती? घागर तिथंच टाकून गावात पळाली, लोकांना सांगायला. रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा मुली-बायका आणून ठेवल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. त्याचे खिळे जुळवण्याचं, छापण्याचं काम तिथल्या बायकाच करत.

बायबलमध्ये देवाला बाप म्हटलंय. येशू प्रार्थनेत 'अब्बा' म्हणायचा. त्याच्या बोलीत लेकरं घरात बापाला तशीच हाक मारत. (आपल्या आबाशी त्याचा काही संबंध नाही, पण कानाला ओळखीचा वाटतो खरा.) तरी एकट्या बापावर ते पुस्तक थांबत नाही. यशया संदेष्ट्यानं देवाला अंगावर पाजणाऱ्या आईपेक्षाही न विसरणारा म्हटलंय. येशूनं स्वतःला पिल्लं पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली. आपले रेव्हरंड टिळक, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ताला माउलीच म्हणायचे. वारकरी विठोबाला म्हणतो तसंच.

आणि एक गोष्ट तर बचत गटासाठीच रचल्यासारखी आहे. एका बाईजवळ चांदीची दहा नाणी होती. एक नाणं म्हणजे एका दिवसाची मजुरी. त्यातलं एक हरवलं. तिनं दिवा लावला, घर झाडून काढलं, सापडेपर्यंत शोधत राहिली, आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद केला. येशू म्हणतो, हरवलेलं माणूस परत आलं की स्वर्गात असाच आनंद होतो. म्हणजे केरसुणी घेऊन कोपरे झाडणाऱ्या बाईसारखा देव. महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही तेव्हा आपली खजिनदार कशी बसते ते आठवा. नऊ आहेत ना, मग जाऊ दे, असं ती म्हणत नाही.

आता एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर आम्ही गोड गोड तेवढंच सांगितलं असं होईल. हागार नावाची दासी होती, मिसर देशातली. मालकिणीला मूल होत नव्हतं म्हणून हिला मालकाच्या पदरी दिली. दिवस गेले, मग मालकिणीनं छळ मांडला. ही रानात पळून गेली. तिथं झऱ्याजवळ देवदूत भेटला. हागारेनं तेव्हा देवाला नाव दिलं, मला पाहणारा देव. एका दासीनं देवाला नाव दिलं आणि ते पुस्तकात राहिलं. पण देवदूतानं तिला काय सांगितलं? परत जा, मालकिणीच्या हाताखाली राहा. यावर आमच्यात भांडण झालं. एक म्हणाली, रानात पोटुशी बाई मेली असती. दुसरी म्हणाली, माहेरीही हेच सांगतात, परत जा म्हणून. आम्ही हे सोडवू शकलो नाही.

तशीच शिक्षेची गोष्ट. ख्रिस्ती देव रागावत नाही असं नाही. बायबलात त्याचा कोप आहे, न्यायाचा दिवस आहे. पण त्या न्यायात काय विचारणार, तर भुकेल्याला खाऊ घातलंत का, उघड्याला पांघरूण दिलंत का, तुरुंगातल्याला भेटलात का. सगळ्यांचा बाप एक असेल तर जात कुठून आली, हा प्रश्नही त्यातूनच येतो. लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळं सोडलं तेव्हा त्यांनी याच धर्तीवर विचार केला होता, 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी ते सांगितलंय. चर्चमध्ये जात शिरली नाही असं मात्र कुणी समजू नका. शिरली, आणि अजून आहे.

आता बिननावाच्या चिठ्ठीकडे. ताई, तुमचा प्रश्न येशूला त्याच्या शिष्यांनीच विचारला होता. एक जन्मांध माणूस बघून ते म्हणाले, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं स्पष्ट सांगितलं, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्यानं विचारलं, ती बाकीच्यांपेक्षा पापी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही, असं त्यानंच म्हटलं. तेव्हा तुमचं मूल तुमच्या पापामुळे गेलं असं कुणी सांगत असेल, तर तो येशूच्या बोलण्याच्या उलट बोलतो.

मग गेलं का? याचं उत्तर बायबल देत नाही. ईयोब नावाच्या माणसाची दहाही मुलं एका दिवसात गेली. (त्याच्या बायकोचीही गेलीच की. तिला त्या सगळ्या प्रसंगात एकदाच बोलू दिलंय.) ईयोबानं देवाला जाब विचारला, नको ते बोलला. देवानं शेवटी उत्तर दिलं, पण का ते सांगितलं नाही. एवढं मात्र केलं. ईयोबाला तू पापी म्हणूनच हे झालं असं समजावणाऱ्या मित्रांवर तो रागावला, ईयोब खरं बोलला असं म्हणाला. आणि येशू मित्राच्या थडग्याशी गेला तेव्हा तो रडला. ख्रिस्ती माणसं वधस्तंभ घरात लावतात त्याचा अर्थही त्यांच्या दृष्टीनं हाच, की देव वरून दुःख बघत बसला नाही, त्यात उतरला.

ते मित्र सुरुवातीला बरे वागले होते. ईयोबाला बघून त्यांना रडू फुटलं आणि सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. कुणी शब्द बोललं नाही. बोलायला लागले तेव्हा बिघडलं.

ताई, चिठ्ठीत तुम्ही गावाचं नाव लिहिलेलं नाही. पुढच्या चिठ्ठीत तेवढं लिहा, तुमचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल. पेटी दर सोमवारी उघडतो. आम्ही दोघी-तिघी येऊन बसू.