कोणता पुढारी आपला?



मागच्या आठवड्यात आमच्या रात्रीच्या वर्गात एका बाईने प्रश्न विचारला. ती म्हणाली, "गुरुजी, इलेक्शनच्या वक्ताले समदेच हात जोडतात. त्यातला चांगला कोणता, हे वयखावं कसं?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न सोपा नव्हता. आज त्यावरच दोन शब्द बोलू.

तुम्ही 'पुरोगामी' हा शब्द ऐकला असेल. पुरोगामी म्हणजे पुढे जाणारा. पण एकटाच पुढे पळणारा नव्हे, तर मागे राहिलेल्यांना बरोबर घेऊन चालणारा. भाषणात सगळेच पुरोगामी असतात. खरा कोण, ते कामात दिसते. आपल्याच वऱ्हाडातल्या एका माणसाचे उदाहरण घेऊ.

अमरावती जिल्ह्यात पापळ नावाचे गाव आहे. तेथे १८९८ साली एका कास्तकाराच्या घरी पंजाबराव देशमुख जन्मले. ते विलायतेत शिकले, डॉक्टर आणि बॅरिस्टर झाले. १९२६ साली परत आले. मोठ्या शहरात राहिले असते, तर पैसा कमी पडला नसता. पण ते अमरावतीला आले. तेथे श्रद्धानंद छात्रालय काढले. निरनिराळ्या जातींची पोरे तेथे एकत्र राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली अंबादेवीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून चळवळ झाली. त्यासाठी अमरावतीला परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. त्या चळवळीत पंजाबराव होते.

पुढे १९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या केल्या.

आता जरा विचार करा. त्या काळी मत कुणाला होते? ज्याच्याजवळ जमीन, घर, सारा भरण्याची ऐपत, त्याला. रोजमजुरी करणाऱ्याला बहुधा मत नव्हते. म्हणजे ज्यांच्यासाठी विहीर उघडली, त्यांतल्या बहुतेकांचे मत पंजाबरावांना मिळणारच नव्हते. उलट, ज्यांची मते होती त्यांतले पुष्कळ रागावणार होते. तरी त्यांनी ते काम केले.

ही पहिली खूण. ज्याच्यापासून आपल्याला काही मिळायचे नाही, त्याच्यासाठीही जो झटतो, तो पुढारी खरा.

दुसरी खूण अशी. तोंडाने सांगतो, तसे घरात वागतो का? पंजाबरावांनी १९२७ सालीच दुसऱ्या जातीच्या विमलाबाईंशी लग्न केले. जात मोडा असे लोकांना सांगायचे आणि स्वतःच्या सोयरिकीत जात पाहायची, असे त्यांनी केले नाही.

तिसरी खूण. तो कडू बोलतो का? शाळा पाहिजे, पण कर नको, असे आपण सगळेच म्हणतो. पंजाबरावांनी शिक्षणासाठी कर वाढवला. गोड बोलणारा पुढारी मतदानापर्यंतच गोड असतो. औषध कडू असले, तरी वैद्य ते देतोच.

चौथी खूण. दुखण्याच्या मुळाशी जातो का? त्या दिवसांत वऱ्हाडचा कास्तकार सावकाराच्या कर्जात बुडाला होता. पऱ्हाटी घरी येण्याआधीच तिचा पैसा सावकाराचा होई. पंजाबराव १९३० साली प्रांताचे मंत्री झाले. कर्ज लवाद कायद्यासाठी त्यांनी खटपट केली. तो १९३३ साली झाला. लवाद म्हणजे मध्यस्थ. सावकार आणि कर्जदार यांना समोर बसवायचे, कर्जाचा हिशेब करायचा, झेपेल असे हप्ते ठरवायचे. शंभर रुपये वाटले, तर आठ दिवसांत संपतात. कायदा झाला, तर तो पुष्कळांच्या कामी येतो.

पाचवी खूण. त्याच्यामागे काय उरते? त्यांनी काढलेली शिवाजी शिक्षण संस्था आजही उभी आहे. १९५२ ते १९६२ ते देशाचे कृषिमंत्री होते. १९६५ साली ते वारले. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ निघाले, त्याला त्यांचे नाव आहे.

पण मंडळी, एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांच्या फोटोला हार घातला म्हणजे आपले काम संपले, असे नाही. त्यांचे नाव घेऊन मते मागणारेही येतात. त्यांनाही याच पाच खुणा लावून पाहा. कोणताही पुढारी देव नसतो. तो चुकला, तर त्याला तोंडावर विचारावे. ग्रामसभा त्यासाठीच असते. तेथे पुरुषांनी जावे, तसेच बायांनीही जावे, आणि मागे न बसता पुढे बसावे.

आज अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला मत आहे. मालकाला एक, मजुरालाही एकच. ते नोटेला, दारूला किंवा लुगड्याला विकू नका. एका दिवसाची नोट घेतली, तर पाच वर्षे तोंड बंद ठेवावे लागते. "आम्ही पैसे मोजले," असे तो म्हणाला, तर आपण काय बोलणार?

आणखी एक. विधानसभेच्या आणि लोकसभेच्या उमेदवाराला आपली मालमत्ता किती आणि आपल्यावर खटले कोणते, हे लिहून द्यावे लागते. तो कागद कुणालाही पाहता येतो. काल तो तुम्हाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला असता. आज तुम्ही स्वतः वाचू शकता. अक्षर शिकल्याचा हा केवढा उपयोग आहे!

त्या बाईला आम्ही हेच सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे हात जोडणाऱ्याचे हात पाहाचे नाहीत. त्या हातांनं काय केलं, ते पाहाचं."

बाईने आमच्यापेक्षा थोडक्यात सांगितले. हेच लक्षात ठेवा.